किल्लीवाले भाऊसाहेब

हेमा गेली हे मला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कळलं. मी तेव्हा कुकरच्या शिट्टीवर काम करत होतो.

फोन जयसिंगपूरजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातून आला. बोलणाऱ्या मुलीने आधी विचारलं, "काका, तुम्ही बसलाय का?" मी उभा होतो, तरी बसलोय म्हणालो. हेमा तिथे एका कुटुंबाची बैठक घ्यायला गेली होती. बैठक सुरू होण्याआधी तिने पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत ती खुर्चीतच गेलेली होती. हृदय बंद पडलं. वय एकसष्ट.

त्या मुलीने सगळं नीट सांगितलं. मी विचारलं, "आणि ते कुटुंब?"

"ते अजून तिथंच बसलेत काका. उठायलाच तयार नाहीत."

शिट्टी त्यांच्यासाठीच होती. पुढच्या बैठकीला लागणार होती.

मी प्रल्हाद मुरदंडे. इचलकरंजीत चाळीस वर्षं जॉबर होतो. जॉबर म्हणजे यंत्रमागाचा मिस्त्री. चाळीस माग एकदम चालू असले तरी त्यातल्या कुठल्या मागाचा कुठला नट सैल झालाय, हे मी दारातून सांगायचो. पुढे नवे माग आले. त्यांना काय होतंय ते माग स्वतःच मालकाच्या फोनवर कळवतात. माझ्या कानांना काम उरलं नाही. मग हेमाने मला काम दिलं.

हेमा कुटुंब-समुपदेशक होती. पिणाऱ्या माणसाबरोबर ती त्याच्या घरालाही समोर बसवायची. "एकट्याला बरा करून घरी पाठवला, की घर त्याला परत आजारी करतं," असं ती म्हणायची. "मुद्दाम नाही हो. सवयीने." बारा वर्षांपूर्वी ओलपट्टी आली आणि तिच्या कामाची रीतच बदलली.

ओलपट्टीचं खरं नाव लांब आणि परदेशी आहे. आमच्याकडे पेशंटांनी तिला ओलपट्टी केलं, कारण हेमा त्यांना सायझिंगचं उदाहरण द्यायची. सायझिंगमध्ये सूत खळीत बुडवून वाळवतात. वाळलं की ते कडक होतं आणि मागावर तुटत नाही. हेमा सांगायची, आठवणही तशीच खळ घालून वाळवलेली असते. पण ती पुरती वर आली की ओली होते. परत वाळवायला मेंदूला नवी प्रथिनं तयार करावी लागतात आणि त्याला चार-पाच तास लागतात. तेवढ्या वेळात जे घडेल ते त्या आठवणीत मुरतं.

हे शास्त्रज्ञांना पन्नास वर्षांपासून उंदरांवरून माहीत होतं. अडचणी दोन होत्या. नुसतं बोलून आठवण ओली होत नाही. त्यासाठी नेमकी खूण लागते आणि ती खूण मिळाल्यावर अंगाला ज्याची धास्ती असते त्याहून वेगळंच काही घडावं लागतं. दुसरी अडचण अशी, की आठवण ओली झाली की नाही हे बाहेरून दिसत नाही. ओलपट्टी ते दाखवते. कपाळाला बांधायची पट्टी आहे. मेंदूच्या लहरी, घाम आणि नाडी यांवरून तिला कळतं. तिच्यावर बारीक दिवा असतो. आठवण वाळलेली असेल तर निळा, ओली असेल तर नारिंगी.

आठवण पुसली जात नाही, हे हेमा प्रत्येकाला आधी बजावायची. काय घडलं ते आठवतंच. पण ते आठवलं की पोटात गोळा येतो, हात बाटलीकडे जातो किंवा मूल कपाटामागे सरकतं, ते सुटतं.

मी तिला एकदा विचारलं होतं, "एवढं कशाला करायचं? माणूस सुधारला, दहा वर्षं नीट वागला, की बायको-पोरांना आपोआप बरं वाटत नाही का?"

ती म्हणाली, "चांगली वर्षं दुसऱ्या ताग्यात विणली जातात. जुना तागा तसाच कपाटात राहतो, कडक."

माझं काम खुणा करायचं. वाईट आठवणींचे आवाज आता जगातून निघून गेलेत. पेट्रोलच्या मोटारसायकलची किक, कुकरची शिट्टी, दुकानाचं हाताने ओढायचं शटर, दाराची किल्ली. आता दारं अंगठ्याने उघडतात आणि शेगड्या बोलतात. जे आवाज ऐकून लोक लहानपणी घाबरले, ते आवाज काढणाऱ्या वस्तू भंगारातसुद्धा मिळत नाहीत. रेकॉर्डिंग चालत नाही. कान फसतो, पण दाराची थरथर पाठीला जाणवली नाही तर अंग फसत नाही. म्हणून हेमा सांगायची आणि मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खरी वस्तू बनवायचो. पेशंटचं नाव ती कधी सांगत नसे. केसला वस्तूचंच नाव असायचं: शटर, स्टँड, शिट्टी. मीही विचारलं नाही. माग दुरुस्त करायला मालकाच्या घरचं कशाला पाहिजे?

चार वर्षांपूर्वी तिने 'किल्ली' सांगितली.

"अहो, पितळी लॅच पाहिजे. जुनं. बाहेरून किल्ली, आतून खटका."

"त्यात काय एवढं? गावात एकेकाळी घरोघरी तेच होतं."

"किल्ली आत जायला नको लगेच. आधी तिने भोक शोधायला पाहिजे."

मी हसलो. "म्हणजे गडी टाइट."

"हो," ती म्हणाली.

मी जाड फळीवर लॅच बसवलं. मागे छोटी मोटर, तिच्यावर लाकडी हात आणि हातात एक कोरी किल्ली. किल्ली लॅचच्या पितळी चकतीवर घासत फिरायची, तीनदा चुकायची आणि चौथ्यांदा आत जाऊन वळायची. हेमा रोज चार वाजता दोन कप चहा घेऊन शेडमध्ये यायची. डोक्यावरून पदर घेऊन, डोळे मिटून स्टुलावर बसायची. मला वाटायचं, पत्रा तापतो म्हणून पदर घेतलाय.

पहिल्या दिवशी मी मोटर चालू केली. ती उठली, कप धुवायला गेली आणि अर्धा तास आली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "घाई होतेय."

"दारुडा घाईतच असणार की."

"हा नसतो. याला वाटतं, दारच हलतंय. ते थांबेल म्हणून हा वाट बघतो."

मला इतकं हसू आलं की चहा सांडला. "मग ह्या भाऊसाहेबांना सांग, दार धरायला एक माणूस ठेवा!"

तेव्हापासून तो आमचा किल्लीवाले भाऊसाहेब झाला. मी मोटर सावकाश केली. मग ती म्हणाली, तिसऱ्या चुकीनंतर एक श्वासभर थांबायचं आणि तेव्हा दारावर 'धप्' असा बारीक आवाज पाहिजे.

"तो काय लाथ मारतो?"

"नाही. कपाळ टेकतो."

मी कातडी गोळा करून फळीवर आपटेल असा बसवला. तीन प्रकारची कातडी लावून बघितली. ती डोळे मिटून म्हणायची, "मऊ झालं. अजून थोडं हाड पाहिजे." मी म्हणायचो, "भाऊसाहेबांचं डोकं म्हणजे नुसतं हाडच दिसतंय. आत काही नाही." दहाव्या-अकराव्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. मोठ्याने, पदर तोंडाला लावून. हसता हसता म्हणाली, "झालं. बरोबर झालं. आता हात लावू नका." माझ्या कामाची इतकी पोचपावती कुठल्या मालकाने दिली नव्हती.

पुढे कधीतरी ती भेंडी चिरत असताना मी विचारलं, "काय गं, आपले किल्लीवाले भाऊसाहेब सुधारले का?"

"सुधारले. कधीच."

"मग?"

"त्यांना अजून कळलेलं नाही."

"कसला माणूस म्हणायचा हा!"

"असाच आहे," ती म्हणाली आणि पुढची भेंडी घेतली.

हेमाच्या तेराव्याला माणसं जेवून पाच वाजता पांगली. आमची मुलगी मुग्धा पुण्याहून पहिल्या दिवशीच आली होती. बत्तीस वर्षांची आहे, नकाशे तयार करणाऱ्या कचेरीत काम करते. इतके दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. पाहुणे गेले तसं तिने पिशवी भरायला घेतली.

"मी आज आत्याकडे झोपते, बाबा."

"इथे दोन खोल्या रिकाम्या आहेत."

"आत्याला सोबत होईल."

माझी थोरली बहीण अक्का दारात चप्पल शोधत होती. ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय सोबतीला? माझ्याकडे नातवंडं पाय पसरून झोपतात. मीच कडेला असते."

मुग्धाने तिच्याकडे बघितलं. अक्काने चप्पल पायात घातली. मग म्हणाली, "ये बाई, ये. करू जागा."

साडेसात वाजता मुग्धाचा फोन आला, दोन गल्ल्या पलीकडून. "बाबा, चिरमुरे आहेत का घरात?"

हा आमच्या घरातला जुना खेळ होता. ती होस्टेलला गेली तेव्हापासून रोज साडेसातला तिचा फोन यायचा आणि त्यात हा प्रश्न असायचाच. लहानपणी मी कामावरून येताना तिला चिरमुरे आणायचो, त्याची ती आठवण ठेवते असं मी समजायचो. मला बरं वाटायचं.

"आहेत की. चिरमुरे आहेत, भडंग पण आहे," मी म्हणालो.

"बरं. झोपा लवकर."

फोन ठेवल्यावर मी विचारात पडलो. अडीच तासांपूर्वी ती याच घरात होती. चिरमुऱ्यांचा डबा तिनेच भरून ठेवला होता. मग विचारलं कशाला?

एकदा कानाला खटकलं की जॉबरला चैन पडत नाही. मी मागचं आठवू लागलो. हेमा नाशिकला प्रशिक्षणाला गेली, तेव्हा मुग्धा दिवाळीच्या सुट्टीतही मैत्रिणीकडे राहिली होती. हेमा दवाखान्यात होती तेव्हा मुग्धा अक्काकडे. लग्न झाल्यावर जावई आला तरी ती हेमाबरोबर आत झोपायची. संध्याकाळी घरात मी आणि मुग्धा दोघंच, असं एकदाही झालेलं नव्हतं. हेमा कायम मध्ये होती, म्हणून ते मला दिसलं नव्हतं.

इथे एक सांगायला पाहिजे. मी प्यायचो. नऊ वर्षं प्यायलो आणि तेवीस वर्षांपूर्वी सोडली. सोडली ती एका दिवसात. आदल्या संध्याकाळचं मला काही आठवत नाही. पहिली पाळी संपवून गुत्त्यावर गेलो, तिथलं आठवतं. पुढचं थेट सकाळचं. स्वयंपाकघराच्या फरशीवर सगळीकडे चिरमुरे पडले होते. हेमा भिंतीला टेकून बसली होती आणि नऊ वर्षांची मुग्धा तिच्या मांडीवर झोपली होती. हेमा म्हणाली, "आजपासून बंद." मी बंद केली. काय झालं होतं ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मला वाटलं, सोडली म्हणजे संपलं.

मुग्धा पुण्याला परत गेली. आठवड्याने मी शेडमधल्या फळीवरची खोकी काढली. खुणेच्या वस्तू हेमाबरोबर काम करणाऱ्या डॉ. मुजावरांकडे मिरजेला द्यायच्या होत्या. एकेक खोकं उघडून वस्तू चालते का ते बघत होतो. 'किल्ली' लिहिलेलं खोकं उघडलं. लाकडी हातात मी बसवलेली कोरी किल्ली नव्हती. दुसरीच होती. तिच्या कडीत मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्याचं तुटलेलं टोक ओवलेलं होतं.

ते मी ओवलेलं होतं. गावभागातल्या आमच्या जुन्या भाड्याच्या घराची ती किल्ली. अंधारात हाताला ओळखू यावी म्हणून धोट्याचं टोक बांधलं होतं.

मी मोटर चालू केली. किल्ली एकदा घासली, दोनदा घासली, तीनदा घासली. मग धप्. मी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मिरजेला गेलो. डॉ. तबस्सुम मुजावर मनोविकारतज्ज्ञ आहेत, पंचेचाळिशीच्या असतील. हेमाला त्या ताई म्हणायच्या. मी आधी कुकरची शिट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"ही जयसिंगपूरच्या कुटुंबाची. झालीय पुरी."

"मी त्यांना घेतलंय, काका. परवा बैठक आहे."

मग मी किल्ली ठेवली. त्यांनी ती बघितली आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"ताईंनी लिहून ठेवलंय. तुम्ही स्वतः विचारलंत तरच सांगायचं. आपण होऊन नाही."

"विचारतोय."

"मग सांगते. 'किल्ली' ही ताईंचीच केस होती. ताई पेशंट आणि मी डॉक्टर."

मी म्हणालो, "पण तिला कसली भीती? मी सोडून एकोणीस वर्षं झाली होती तेव्हा."

"त्या दिवसभर इतरांची घरं सावरायच्या. घरी आल्यावर फाटक वाजलं की हात अजून शेगडी बंद करायला जायचा. त्यांना त्याची लाज वाटायची. तुमच्यासमोर ते बोलायची तर जास्तच लाज."

त्यांनी एक आलेख काढून समोर ठेवला. खाली तारखा, वर निळ्या आणि नारिंगी रेघा. "बैठका इथे झाल्याच नाहीत. तुमच्या शेडमध्ये झाल्या. ताई पदराखाली पट्टी बांधून बसायच्या. ही पहिल्या दिवसाची रेघ बघा."

पहिल्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी रेघ एकदम नारिंगी झाली होती. तो दिवस मला आठवला. ती कप धुवायला गेली होती.

"आवाजाने आठवण ओली व्हायची," डॉक्टर म्हणाल्या. "अंगाला वाटायचं, आता दार उघडणार आणि तो येणार. आणि समोर बघावं तर तोच माणूस शुद्धीत, हाताला ग्रीस, चहा पितोय आणि स्वतःच्याच नकळत त्या दारुड्याची चेष्टा करतोय. याहून वेगळं काय घडायचं? अकराव्या दिवसाची रेघ बघा."

अकराव्या दिवशी रेघ नारिंगी झाली आणि उतरली. ती मोठ्याने हसली त्या दिवशी. डॉक्टरांनी पुढचे महिने दाखवले. किल्लीच्या आवाजाला पुढे काहीच नव्हतं. सरळ निळी रेघ.

"मला सांगितलं असतं तर?"

"तर तुम्ही चेष्टा केली असतीत का?"

मी नाही म्हणालो.

मला एक बघायचं होतं. मी म्हणालो, "ती पट्टी मला बांधा." त्यांनी बांधली. मी किल्लीचं यंत्र पिशवीतून काढून चालू केलं, समोर आरसा धरला. तीनदा घासणं, श्वास, धप्, मग किल्ली आत. दिवा निळाच. मी परत चालू केलं. पाच वेळा केलं.

"होणार नाही, काका," त्या हळूच म्हणाल्या. "तेवढी चढलेली असताना मेंदू आठवण विणतच नाही. जे विणलंच नाही ते ओलं काय होणार?"

म्हणजे घरात तीन माणसं होती. एकाकडे ते कधी नव्हतंच. दुसरीने चार वर्षांपूर्वी सोडवून घेतलं होतं.

"मुग्धाचं काय?" मी विचारलं.

"ताईंनी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती नाही म्हणाली. का ते तिने सांगितलं नाही."

मी मुग्धाला फोन केला. एवढंच म्हणालो, की आईचं किल्लीचं खोकं मी उघडलंय. ती म्हणाली, "शनिवारी येते. दुपारी."

शनिवारी ती आली ती घरात नाही, थेट शेडमध्ये. हेमाच्या स्टुलावर न बसता पायरीवर बसली. मी चहा दिला.

"चिरमुऱ्यांचं मला कळत नाही," मी म्हणालो. "ते तेवढं आधी सांग."

"तुम्ही घेतलेली असली की तुम्हाला 'चिरमुरे' म्हणता यायचं नाही. 'चिमुले' व्हायचं. मी दारातूनच विचारायचे, काय आणलं? तुम्ही 'चिमुले' म्हणालात की मी कपाटामागे जायचे."

"आणि अजून विचारतेस."

"अजून विचारते."

इतकी वर्षं ती माझी जीभ तपासत होती आणि मी त्याला लाड समजत होतो.

मी म्हणालो, "आईचं सुटलं. मुजावर मॅडमनी मला आलेख दाखवला. तुझंही सुटेल. यंत्र तयार आहे. मी दारातून येईन, चांगला शुद्धीत, आणि तो शब्द नीट म्हणेन. तुला अजून माझी जीभ तपासत कशाला जगायचं?"

"मला नकोय."

"का पण?"

"कारण तुम्हाला ते आठवत नाही." तिचा आवाज चढला. "आईला आठवायचं, पण तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तिने मला ते हसत सांगितलं, बाबा. किल्लीवाले भाऊसाहेब म्हणे! मी त्या दिवशी फोन आपटला. आता मीपण सोडून दिलं, तर ते कुणाकडेच राहणार नाही. घडलंच नाही असं होईल. मी नऊ वर्षांची होते. कुणीतरी ते धरून ठेवायला नको?"

शेजारच्या कारखान्यात माग चालू होते. नवे माग, त्यांचा आवाज अगदी सारखा येतो. मी तो थोडा वेळ ऐकला.

मग म्हणालो, "मला दे. मी ठेवतो."

"तुम्हाला कसं देणार? तुमच्यात ते गेलेलंच नाही."

"तू सांग, मी लिहून घेतो. चाळीस वर्षं प्रत्येक मागाची वही ठेवलीय मी. कधी अडला, का अडला, काय तुटलं. ह्याची नाही ठेवली. ती ठेवायला पाहिजे होती. वही भरली की मग तुझं तू बघ. पट्टी बांध नाहीतर नको बांधू."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. हेमा पेशंटकडे बघायची तसं. "मध्ये बोलायचं नाही."

"नाही बोलत."

"सॉरी म्हणायचं नाही. मला आठवत नाही, असंही म्हणायचं नाही."

"नाही."

"रडायचं नाही."

"त्याचं काही सांगता येत नाही."

तिला हसू येत होतं, ते तिने दाबलं. मग म्हणाली, "ते यंत्र चालू करा."

मी वही उघडली, तारीख घातली आणि मोटर चालू केली. किल्ली चकतीवर घासली.

"सात वाजून दहा मिनिटं झाली होती," मुग्धा म्हणाली. "आई पोळ्या करत होती. मी अभ्यासाला बसले होते, पण तुम्ही येणार म्हणून आईने आधीच वाटीत चिरमुरे काढून दिले होते. तुम्ही आणायला विसरलात तरी ते तुमच्या लक्षात येऊ नये म्हणून."

किल्ली दुसऱ्यांदा घासली.

"एकदा घासली की थोडी घेतलीय. दोनदा घासली की आई गॅस बंद करायची. तीनदा घासली की मी उठायचे. त्या दिवशी मी उठले नाही. मला गणित सोडवायचं होतं. शेवटचंच राहिलं होतं."

किल्ली तिसऱ्यांदा घासली. यंत्र एक श्वासभर थांबलं. धप्.

"कपाळ," ती म्हणाली. "अगदी बरोबर केलंय तुम्ही." तिचे दोन्ही हात मांडीखाली गेले होते. "मग मी वाटी घेऊन दाराकडे आले. म्हटलं, आज आपणच उघडावं. आधी उघडलं तर तुम्ही चिडणार नाही."

किल्ली आत गेली. मुग्धा पुढे झाली आणि तिने मोटर बंद केली. किल्ली अर्धी वळून थांबली.

"आज एवढंच," ती म्हणाली.

मी मध्ये बोललो नाही. ती पाच वाजता अक्काकडे गेली. जाताना वही उचलून तिने माझं अक्षर वाचलं, 'गणित'चा णि ऱ्हस्व केला आणि वही परत ठेवली.

साडेसातला फोन आला. "बाबा, चिरमुरे आहेत का घरात?"

ह्या वेळी तो प्रश्न कशासाठी आहे ते मला माहीत होतं. मी तो शब्द सावकाश, सगळी अक्षरं सुटी करून म्हणालो. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या शनिवारी येते म्हणाली. त्यानंतर दोन शनिवार ती आली, चहा पिऊन गेली, पण यंत्र चालू करायला म्हणाली नाही.

वहीत किल्ली आत जाईपर्यंतचं आलं आहे. दार उघडल्यानंतरचं लिहायचं राहिलं आहे.